पॅरिसच्या बायका आणि मालूताईंचा शुक्रवार

दुबईहून परत येऊन दोन महिने झाले, तरी भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, सोनं काय आणलं? सोनं आणलं नाही. आणली ती एक टिपणवही, जी जाताना कोरीकरकरीत होती आणि येताना खाडाखोडीने भरलेली. ज्या विषयावर आपण ऐटीत बोलायला जातो तोच आपल्याला नीट कळलेला नाही, हे बारा दिवसांत ध्यानात यावं, ही काही कस्टमवाल्यांना दाखवण्याजोगी गोष्ट नव्हे. तरी जे घडलं ते घडलं तसं लिहिते. त्यातलं मला अजूनही सगळं उलगडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी पुण्याच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं फ्रेंच शिकवते. माझा आवडता विषय म्हणजे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधल्या काही बायका. या बायका आठवड्यातला एक वार ठरवून आपल्या दिवाणखान्यात लेखक, तत्त्वज्ञ, शास्त्रज्ञ अशी मंडळी जमवायच्या. एकीचा सोमवार चित्रकारांचा, बुधवार लेखकांचा. देशभर गाजणारी मतं आधी या दिवाणखान्यांतून फिरायची. पण बहुतेक यजमानीणबाईंनी स्वतः छापील असं फारसं काही लिहिलं नाही, त्यामुळे अभ्यासकांत जुना वाद आहे. त्यांनी खरंच काही केलं, की नुसतं घर उघडं ठेवलं? मी या वादात त्यांच्या बाजूची. त्यांच्यावर एका दिवाळी अंकात माझा लेख आला आणि महिन्याभरात दुबईहून मालूताईंचा फोन आला.

मालूताई माझ्या थोरल्या नणंद. नवरा श्रीकांतराव यांच्या नोकरीपायी पंधरा वर्षं दुबईच्या जुन्या भागात, बर दुबईत. "सुनंदा, जानेवारीत ये. आमच्याकडे दर शुक्रवारी पुस्तकांवर बोलायला माणसं जमतात. त्यांच्यापुढे त्या पॅरिसच्या बायकांवर बोल," त्या म्हणाल्या. मी चाटच पडले. नऊ वर्षं त्यांच्या घरी असं काही चालतं हे कानावर होतं, पण ते श्रीकांतरावांचं असणार असं मी धरून चालले होते. लग्नकार्यात मालूताई कुठे आहेत असं कुणी विचारलं, की न बघता "आत" म्हणून सांगावं आणि त्या खरंच आत असाव्यात, अशी त्यांची माझ्या मनातली जागा होती. हे लिहिताना लाज वाटते, पण होती खरी.

गुरुवार, बर दुबई

पहिल्या सकाळी मालूताई मला देवळाच्या गल्लीत घेऊन गेल्या. कापडाच्या दुकानांमागची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना हार, उदबत्त्या आणि नारळ विकणारे, आणि मग जिना चढून वर देव. चपला काढताना शेजारच्या मशिदीतली अजान सुरू झाली. पुजाऱ्याने घंटेवरचा हात खाली घेतला, ती संपेपर्यंत थांबला आणि मग आरती सुरू केली. आमच्या पेठेत गणपतीचे दोन मांडव एकमेकांसाठी एवढं थांबत नाहीत.

मीना बाजारात एका सिंधी दुकानदाराने पाहता पाहता समोर ब्लाउजच्या कापडाचे वीस तागे टाकले. मालूताईंनी एकावर बोट ठेवलं. "कितने का? पंधरा दिरहम मीटर? म्हणजे आपले पावणेदोनशे रुपये," असा मला ऐकू जाईल असा हिशेब केला आणि कापड खाली ठेवलं. "खलास, चल. घरी फोन करायचेत."

हे फोन प्रकरण मला पहिल्यांदा कळेना. घरी आल्यावर त्या दुपारचे दोन तास फोनपाशी बसून होत्या. तिथे गावातल्या गावात फोन फुकट, त्यामुळे घाई नाही. प्रत्येकाशी दहा मिनिटं. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचं ब्लडप्रेशर, आणि मधेच, "प्रधान, उद्या खिडकीशी बसा हं, सामंतांच्या समोर नको." मी शेजारच्या सोफ्यावर माझी बावीस पानांची टिपणं चाळत होते. बाईंना गप्पांची काय हौस, असं माझ्या मनात आलं. टिपणांच्या सातव्या पानावर मीच लिहिलं होतं, की यजमानीण पाहुण्यांची निवड आणि बैठक आदल्या दिवशी ठरवी. ते वाचून मी पान उलटलं.

शुक्रवार

तिकडे शुक्रवारची सुट्टी. मालूताई सकाळपासून साबुदाणा भिजवून, दाणे भाजून तयारीत. सातची वेळ होती. आता मराठी माणसं सातला म्हणजे पावणेआठला येणार म्हणून मी निवांत होते. पण सातला एक मिनिट कमी असताना बेल वाजली आणि दारात एकदम तेरा माणसं. एका लिफ्टमध्ये मावणार नाहीत म्हणून काही जिन्याने आलेली, धापा टाकत. बरं, आली तीही अर्धवट गप्पांतच. कुणीतरी कुणाला म्हणालं, "ते मघाशी झालं ना," आणि लगेच गप्प झालं. मघाशी म्हणजे कधी, हे मला कळलं नाही.

यांतले तिघं ध्यानात ठेवण्याजोगे. प्रधान एका बांधकाम कंपनीत इंजिनियर, आवाज साइटवरचा. डॉक्टर सामंत दाताचे, हळू बोलणारे आणि टोचून बोलणारे. तिसरी केतकी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, शारजात वाढलेली, जाहिरात कंपनीत कामाला. ती याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मालूताई पाचव्यावर. चार वर्षांपूर्वी ती इथे राहायला आली तेव्हा तिला मराठी बोलता येई, वाचता येत नव्हतं. मालूताईंनी तिला आपल्या शेजारी बसवून वाचायला शिकवलं. "माझा उजवा हात," अशी त्यांनी तिची ओळख करून दिली. केतकीने मान खाली घातली.

आधी पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेल्या एका कथासंग्रहावर चर्चा होती, मग माझं भाषण. चर्चा ऐकून मी थक्क झाले. कुठे अडखळणं नाही, कुणी कुणाला तोडत नाही. प्रधानांनी "मुळातच" म्हणून सुरुवात केली आणि त्यांचं वाक्य पुरं होताच सामंतांनी त्याला नेमकं उत्तर दिलं. काय तयारीची माणसं आहेत, मी मनात म्हटलं. आमच्या पुण्यात निम्म्यांनी पुस्तक वाचलेलं नसतं आणि उरलेले स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलतात. मालूताई अर्थात आत होत्या. तळणाचा वास येत होता.

मग मी उभी राहिले. दहा मिनिटं छान गेली. मग प्रधान म्हणाले, "मॅडम, मुळातच या बायकांनी केलं काय? नवऱ्याच्या पैशाने लोकांना जेवू घातलं. विचार बाकीच्यांचे."

"तुम्ही इथे नऊ वर्षं जेवताय प्रधान, तुमचे विचार कुठे छापून आले?" सामंत हळूच म्हणाले.

प्रधान लाल झाले. मी उत्तर देण्यासाठी श्वास घेतला, ज्या उत्तरासाठी मी बावीस पानं आणली होती. तेवढ्यात मालूताई गरम वड्यांचं ताट घेऊन बरोबर मध्ये आल्या. "प्रधान, आधी तुम्ही. तिखट कमीचे या बाजूला आहेत." झालं. चटणी इकडे, बशी तिकडे. माझं उत्तर हवेतच राहिलं. असं एकदा नव्हे, तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मला खरोखर राग आला.

रागावूनच मी माझा हुकमी किस्सा काढला. पॅरिसमध्ये एक वयस्क बाई होत्या, दृष्टी गेलेली, पण बुद्धी तल्लख. सगळे नामवंत त्यांच्याकडे येत. सोबतीला त्यांनी एक तरुण मुलगी ठेवली होती. बाई उशिरा उठत, संध्याकाळी उशिरा दिवाणखान्यात येत. मग पाहुणे हळूहळू तासभर आधीच येऊ लागले आणि त्या मुलीच्या खोलीत बसू लागले. खऱ्या गप्पा तिथे व्हायच्या. नंतर सगळे साळसूदपणे बाईंकडे जायचे, जणू आत्ताच आले.

पुण्यात या जागी हशा येतो. इथे कुणी हसलं नाही. एकाने वड्याचा तुकडा बशीत परत ठेवला. सामंत खिडकीबाहेर बघू लागले. केतकी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होती. माझं काय चुकलं ते मला समजेना. फ्रेंच नावं जास्त झाली की काय, असंही वाटून गेलं.

मालूताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "मग?" त्या म्हणाल्या. "पुढे काय झालं?"

"बाईंना कळलं. त्यांनी त्या मुलीला घराबाहेर काढलं. निम्मे पाहुणे तिच्याबरोबर गेले ते पुन्हा आले नाहीत."

"अस्सं. चहा घ्या सगळे, गार होतोय."

साडेआठच्या आत घर रिकामं झालं. ताटात वडे उरले होते.

रविवार, खाडीवर

तिकडे रविवार कामाचा. केतकीचा फोन आला, ऑफिस सुटल्यावर आब्रापाशी भेटाल का? आब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. मधोमध बाक, त्यावर दोन्ही बाजूंना तोंड करून पाण्याकडे बघत बसायचं, कठडा बिठडा काही नाही. नावाडी बांगलादेशी, हिंदीत सगळ्यांवर ओरडणारा. एकमेकांकडे न बघता बोलायला याहून चांगली जागा नाही, पण पाच मिनिटांत पलीकडचा काठ येतो. आम्ही तीन वेळा इकडून तिकडे गेलो.

"मावशी, काकूंनी तुम्हाला सांगितलं होतं ना? त्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही ती स्टोरी सांगितलीत?"

"कशाबद्दल? मला खरंच काही माहीत नाही गं."

ती म्हणाली, "आय डिडन्ट प्लॅन इट. माझं रीडिंग स्लो आहे. सगळ्यांसमोर चुकायला नको म्हणून मी दोघांना पाचला बोलावलं, आधी वाचून घ्यायला. मग तिसरा आला. मग सामंत अंकल. नाऊ एव्हरीवन कम्स. पाच ते सात माझ्याकडे डिस्कशन होतं, आणि सातला आम्ही वर जातो."

"आणि वर?"

"वर तेच परत बोलतो. काकूंना वाईट वाटू नये म्हणून. सेम पॉइंट्स." तिने माझा हात धरला. "मावशी, खरं सांगू? वर आम्ही फक्त खातो."

मला त्या थक्क करणाऱ्या चर्चेचं रहस्य कळलं. तेरा शिकलेली माणसं दर शुक्रवारी तीन मजले चढून, एका बाईचं मन राखण्यासाठी, झालेलं भांडण पहिल्यापासून पुन्हा भांडत होती. आणि ती बाई ते ऐकायला बाहेरही नसायची. याला प्रेम म्हणावं की फसवणूक, हे मला त्या होडीत ठरवता आलं नाही, आणि अजून ठरवता येत नाही. केतकीचा हात माझ्या हातात होता आणि तो थंडगार पडला होता.

"त्यांना कळलं तर त्या माझ्याशी बोलणार नाहीत," ती म्हणाली. "शी टॉट मी टू रीड."

मंगळवार, उम्म अल कुवैन

"यल्ला, निघू या," असं म्हणत श्रीकांतरावांनी सकाळी सातला गाडी काढली. शारजा मागे पडलं, अजमान मागे पडलं, आणि गाड्यांची गर्दी एकाएकी संपली. एका बाजूला फिकी वाळू, दुसऱ्या बाजूला समुद्राचं आत शिरलेलं उथळ पाणी, त्यात खारफुटीची हिरवी बेटं आणि एका पायावर उभे बगळे. दुबईचा चकचकाट बघून आलेल्या माझ्या डोळ्यांना बरं वाटलं. इथे नुसतं फिरायला आलोय असा माझा समज होता. श्रीकांतरावांनी आम्हा दोघींना एका बैठ्या घरापाशी सोडलं आणि ते दहा मिनिटं मागे असलेल्या हमरिया फ्री झोन या कारखान्यांच्या वसाहतीत कामावर गेले. मालूताईंनी पर्समधून किल्ली काढून कुलूप उघडलं.

"हे आमचं घर. महिनाअखेरीस इथे यायचं. यांची फॅक्टरी आता हमरियाला, रोजचं एवढं ड्रायव्हिंग त्यांना झेपत नाही."

"आणि शुक्रवार?"

रिकाम्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून लिंबाचं एक झाड दिसत होतं, ते त्या बघत राहिल्या. इतक्या दूर शुक्रवारी कोण येणार, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मला केतकीचा थंड हात आठवला आणि मी धीर करून विचारलं, "ताई, पाच वाजता दुसऱ्या मजल्यावर काय होतं, तुम्हाला माहीत आहे?"

"प्रधानांचा आवाज लिफ्टमध्ये ऐकू येतो, सुनंदा. दसऱ्यापासून ऐकतेय."

"मग तो किस्सा मी सांगावा म्हणून तुम्ही मला मुद्दाम बोलावलंत?"

"तुझा लेख मी तीनदा वाचला. अंक कुणाला दिला नाही." याचा अर्थ हो घ्यावा की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मग फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या आणि डब्यातला दहीभात काढला. "त्यात एक लिहिलं नाहीस तू. त्या आंधळ्या बाईने मुलीला हाकललं नसतं तर काय झालं असतं?"

सव्वीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला नाही. "माहीत नाही, ताई," मी म्हटलं.

"मला वाईट वाटलं ते सगळे खाली जमतात याचं नाही," त्या घास न घेता म्हणाल्या. "मला कुणी बोलावलं नाही, याचं. मी पण पुस्तकं वाचते. दर वेळी संपूर्ण वाचते."

नऊ वर्षांत शुक्रवारी त्या काय म्हणाल्या होत्या, असं कुणी आठवायला गेलं तर चहा घ्या, गार होतोय, एवढंच असणार.

"तुम्ही बाहेर का बसत नाही मग?"

"कशी बसणार? प्रधान दुसऱ्यांदा 'मुळातच' म्हणाले, की मला कढई ठेवावी लागते. सामंत हळू बोलायला लागले, की वडे सोडायचे. तिसऱ्या मिनिटाला ताट बाहेर गेलं नाही तर दोघांतला एक उठून जातो. पहिल्या वर्षी एकदा गेला होता, चार महिने आला नाही."

तीनदा भाषण तोडलं म्हणून मी ज्यांच्यावर रागावले होते, त्या या बाई. संभाषण चालवणं, संभाषण चालवणं असं मी बावीस पानांत किती वेळा लिहिलं असेन. ते आपल्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मला फक्त तळणाचा वास आला होता. मला रडू आलं. मालूताईंना वाटलं, दहीभातातली मिरची लागली. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

पुन्हा शुक्रवार

सकाळपासून घरात कसलाच वास नव्हता. श्रीकांतरावांनी दोनदा स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. "आज काय, उपास?"

"इन्शाल्ला मिळेल काहीतरी," मालूताई म्हणाल्या आणि साडी बदलायला गेल्या. परत आल्या तेव्हा अंगात मीना बाजारात खाली ठेवलेल्या त्याच कापडाचा ब्लाउज होता, कधी जाऊन आणला देव जाणे. सव्वापाचला मला म्हणाल्या, "चल."

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. आतून प्रधानांचा आवाज येत होता. मी मागे राहिले. मालूताईंनी पदर सारखा केला, बेल वाजवली. केतकीने दार उघडलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. आतली सगळी माणसं, पन्नाशीचे इंजिनियर आणि डॉक्टर, गृहपाठ न केलेल्या मुलांसारखी उठून उभी राहिली.

"काकू, आय वॉज गोइंग टु टेल यू," केतकी म्हणाली.

"नंतर सांग. मी पाहुणी म्हणून आलेय, कुठे बसू?"

केतकीने खिडकीजवळची खुर्ची पुढे ओढली. मालूताई बसल्या, पर्स मांडीवर घेतली, आतून पुस्तक काढलं. त्यात कागदाच्या चिठ्ठ्या घातलेल्या होत्या, मोजल्या नाहीत पण वीसएक तरी असतील. त्यांनी पहिली चिठ्ठी घातलेलं पान उघडलं आणि म्हणाल्या, "या दुसऱ्या गोष्टीतली आई मला खोटी वाटली. तुम्हाला?"

मग हळूहळू सुरू झालं. पंधरा मिनिटांनी प्रधान विसरले की मालूताई समोर आहेत आणि वाद खरोखरीचा पेटला. "मुळातच," प्रधान म्हणाले. मालूताईंचे पाय सवयीने उठायला म्हणून पुढे सरकले. "मुळातच सामंत, तुम्हाला गोष्ट कळलेली नाही." सामंत हळू बोलायला लागले. मी मालूताईंकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. सामंतांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलली. केतकी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत नुसती उभी होती. हे कसं थांबवतात, ते तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

"प्रधान," मालूताई म्हणाल्या, "आत जा आणि चहा टाका. तेरा कप, आम्ही दोघी धरून पंधरा. सामंतांना बिनसाखरेचा."

प्रधान खरंच आत गेले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, "केतकी, पत्ती कुठाय?" असं साइटवरच्या आवाजात ऐकू आलं, आणि सामंत हसले. किल्ली परत टेबलावर ठेवली गेली.

"पत्ती त्यांची त्यांना सापडेल, तू जाऊ नकोस," मालूताई केतकीला म्हणाल्या आणि तिला शेजारी बसवून घेतलं, चार वर्षांपूर्वी वाचायला शिकवताना बसवत तशीच. "पुढच्या महिन्यापासून हे तुझ्याकडे. म्हणून बघून ठेव. भांडण पेटायला लागलं, की भांडणाऱ्यातल्या एकाला आत पाठवायचं." मग म्हणाल्या, "मी नऊ वर्षं स्वतःच जात राहिले."

केतकी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. बाकीचे पुस्तकात बघत होते. मालूताईंनी मला भाषणासाठी बोलावलं होतं, केतकीला घाबरवण्यासाठी, की हे सगळं बघायला कुणीतरी लिहिणारं हवं म्हणून, ते मी पुढे विमानतळावर निरोप घेताना विचारलं. "तुला दुबई दाखवायची होती," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी प्रधानांचा चहा उकळून उकळून कडू झाला होता आणि दूध साईसकट ओतलेलं. मालूताईंनी पूर्ण कप संपवला, पुस्तकातली पुढची चिठ्ठी काढली, आणि सगळे उठेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.